गवती चहा की सायट्रेट?

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे सर आणि वनस्पतीशास्त्राच्या मॅडम यांचा एक जुना वाद आहे: नॅनोकण कसे करावेत. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे विषय ठरायची वेळ आली की तो जोर धरतो. मॅडमकडची मुलं पानांचा काढा आणि सिल्व्हर नायट्रेट घेऊन बसतात, सरांकडची सायट्रेट आणि थर्मामीटर. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोघंही मला पंच समजतात. पण माझाही कल आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. दोघांचं म्हणणं एवढं नेमकं आणि पोटतिडिकीचं असतं, की ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

या वेळी निमित्त झालं गवती चहाचं. एका विद्यार्थिनीला गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे नॅनोकण करायचे होते. तिचा अर्ज सरांच्या टेबलावर आला आणि तिथंच अडला.

मॅडम: सर, हा प्रयोग आपल्या पुण्यात झालेला आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मुरली शास्त्रींच्या गटानं केला, 2004 मध्ये. गवती चहाच्या पानांचा काढा क्लोरोऑरिक आम्लाच्या द्रावणात घातला आणि सोन्याचे चपटे त्रिकोण मिळाले. 'नेचर मटेरियल्स'नं छापला तो. एवढं असताना अर्ज अडवायचं कारण काय?

सर: तो निबंध मी वाचलाय मॅडम, आणि मला तो मनापासून आवडतो. त्या कामाबद्दल माझी तक्रारच नाही. त्याचं नाव घेऊन पुढं जे चालू झालं त्याबद्दल आहे. पान बदललं की नवा निबंध. कडुनिंब झाला, तुळस झाली, शेवगा झाला, आता काय उरलंय? काढा घातला, रंग बदलला, वर्णपटात एक उंचवटा आला, सूक्ष्मदर्शकाखाली चार गोल दिसले, संपलं. ते गोल का झाले, त्याच आकाराचे का झाले, पुढच्या वेळी तसेच होतील का, हे कुणी विचारतच नाही.

मॅडम: मग या मुलीला ते विचारायला लावू या की. अर्ज का अडवायचा?

सर: कारण विचारायचं कुठून सुरू करायचं हेच काढ्यात कळत नाही. सायट्रेटमध्ये कळतं.

इथं सर उठून फळ्यापाशी गेले. पुढचं त्यांनी ज्या आस्थेनं सांगितलं, त्यासाठी थोडं थांबायला हवं.

सर: 1951 मध्ये टर्केविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ही कृती नीट बसवली. आधी काचेचं भांडं आम्लराजानं धुवायचं, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. भांड्याच्या आत मागच्या खेपेच्या सोन्याचा अंश चिकटलेला असेल, तर नवे अणू वेगळा कण करायच्या ऐवजी त्याच्यावरच बसतात, आणि सगळा हिशेब बिघडतो. मग 95 मिलिलिटर पाणी आणि त्यात 5 मिलिग्रॅम सोनं भरेल एवढं क्लोरोऑरिक आम्ल. द्रावण फिकट पिवळं दिसतं. त्याला उकळी आणायची आणि एक टक्का सोडियम सायट्रेटचं 5 मिलिलिटर द्रावण एकदम ओतायचं. थेंब थेंब नाही, एकदम. पिवळा रंग जातो. थोडा वेळ भांड्यात नुसतं पाणी आहे असं वाटतं. मग करडी झाक येते, ती निळी होते, जांभळी होते, आणि काही मिनिटांत सगळं तांबडं. 20 नॅनोमीटरच्या आसपासचे कण. सायट्रेटनं दोन कामं केलेली असतात: सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचं क्षपण केलं, आणि तयार झालेल्या कणांभोवती ऋण प्रभाराचं कवच धरून त्यांना एकमेकांना चिकटू दिलं नाही.

मॅडम: तीच दोन कामं माझा काढाही करतो. उकळी न आणता करतो.

सर: करतो. पण काढ्यातलं कोण करतं? शर्करा? फिनॉल? प्रथिनं? आल्डिहाइड? माझ्या भांड्यात क्षपण करणारा एकच रेणू आहे आणि त्याचं सूत्र बाटलीवर छापलंय. म्हणून 1973 मध्ये फ्रेन्सला दाखवता आलं, की सोन्याच्या मानानं सायट्रेट कमी केलं तर कण मोठे होतात. नुसतं प्रमाण बदलून त्यानं 16 नॅनोमीटरपासून 147 नॅनोमीटरपर्यंतचे कण काढले. काढ्याचं प्रमाण बदललं तर नेमकं काय बदललं म्हणायचं? सगळंच बदलतं.

सरांचा मुद्दा किती खोल आहे, हे त्या 5 मिलिग्रॅम सोन्याचा हिशेब मांडला की कळतं. तेवढ्या सोन्याचा एक घन केला तर त्याची बाजू पाऊण मिलिमीटरही भरत नाही आणि सगळा पृष्ठभाग जेमतेम अडीच चौरस मिलिमीटर होतो. त्याच सोन्याचे 20 नॅनोमीटरचे कण केले तर ते भरतात सुमारे 60 लाख कोटी, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग एका ए-फोर कागदाहून मोठा होतो. रंगही बदलतो. एवढ्या लहान कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ डोलतात, 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात, आणि द्रावण तांबडं दिसतं. कण मोठे झाले, चपटे झाले किंवा एकमेकांना चिकटले, की रंग निळ्याकडे सरकतो. नेहमीच्या रसायनात पदार्थ शुद्ध असला की काम झालं. इथं सोनं शंभर टक्के शुद्ध असूनही आकार बिघडला तर पदार्थच वेगळा झाला. त्यामुळे नॅनोकण करण्याची पद्धत म्हणजे मुळात आकारावर ताबा ठेवण्याची पद्धत, हे माझं मत, आणि या वादात मी तेच धरून बसतो.

मायकेल फॅरडेनं 1857 मध्ये सोन्याच्या क्षाराचं फॉस्फरसनं क्षपण करून असंच माणकासारखं तांबडं द्रावण केलं होतं. त्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्या आहेत. त्यात सोन्याचे अतिशय बारीक कण असले पाहिजेत हे त्यानं प्रकाशाचा झोत टाकून ओळखलं. ते किती बारीक हे मोजायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला.

मॅडम: सर, एक विचारू? तुमच्या बाटलीतलं सायट्रेट ज्यापासून करतात, ते सायट्रिक आम्ल कुठून येतं?

सर: कारखान्यातून.

मॅडम: आणि कारखान्यात? एके काळी ते इटलीतल्या लिंबांपासून काढत. 1917 मध्ये जेम्स करीनं दाखवलं, की ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी साखर खाऊन भरपूर सायट्रिक आम्ल करते. दोनच वर्षांत फायझरनं त्यावर उत्पादन सुरू केलं. आजही जगातलं बहुतेक सायट्रिक आम्ल बुरशीकडूनच येतं. ही तीच बुरशी, कांद्याच्या सालीखाली काळी भुकटी दिसते ती. म्हणजे ज्याला तुम्ही रासायनिक पद्धत म्हणता, तिच्या बुडाशी माझीच बुरशी बसलीय.

सर: बसलीय, नाही कशाला म्हणू? पण बुरशी आणि माझं भांडं यांच्यामध्ये एक कारखाना आहे. तिथं तो रेणू गाळून, स्फटिक करून, बाकी सगळ्यापासून वेगळा काढलेला असतो. ती बुरशी भारतात वाढली की चीनमध्ये, उन्हाळ्यात की पावसाळ्यात, हे माझ्या सोन्याला कळत नाही. तुमचा गवती चहा आषाढातला की वैशाखातला, हे त्याला कळतं.

या दोन वाक्यांपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. वनस्पती विरुद्ध रसायन असं या भांडणाकडे पाहायची सवय आपल्याला लागली आहे. दोघांच्या बोलण्यातून ते वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचलं: रेणू वेगळा काढलाय की नाही. मॅडमनी दाखवून दिलं की सरांचा रेणू जिवंत पेशीतूनच आलाय. सरांनी दाखवून दिलं की तो कुठून आला यापेक्षा तो एकटा आलाय हे महत्त्वाचं.

मॅडम मात्र एवढ्यावर थांबल्या नाहीत.

मॅडम: एकटा रेणू हवा हे ठीक. पण एकट्या रेणूला न सुचणारी गोष्ट काढ्यानं केली त्याचं काय? सायट्रेटनं गोल कण होतात. गवती चहानं त्रिकोण केले. शास्त्रींच्या गटानं त्याचा माग काढला होता: आधी लहान गोल कण होतात, त्यांच्या पृष्ठभागावर काढ्यातले रेणू बसून तो पृष्ठभाग जवळजवळ प्रवाही होतो, आणि साध्या तापमानाला ते एकमेकांत मिसळून त्रिकोणी पत्रे होतात. हे पत्रे अवरक्त प्रकाश शोषतात. उष्णता अडवणाऱ्या काचेचा लेप, कर्करोगाच्या गाठी तापवून मारणं, अशा उपयोगांचा विचार त्यातूनच पुढं आला. तुमच्या स्वच्छ भांड्यात हे कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. आणि नुसत्या पानांचंच काय घेऊन बसलात? त्याच प्रयोगशाळेत त्याआधी बुरशांवर काम झालं होतं. 2001 मध्ये व्हर्टिसिलियममध्ये कण झाले, पण पेशीच्या आत, ते बाहेर काढायला पेशी फोडावी लागे. मग फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम सापडली. हरभऱ्याची मर करणारी बुरशी याच प्रजातीतली. तिनं विकरं बाहेर द्रावणात सोडली आणि 5 ते 15 नॅनोमीटरचे चांदीचे कण पेशीबाहेर केले. शेतकरी जिला शिव्या देतो, तिच्याकडून चांदीचे कण करून घेतले! मला हे वाचलं की अजून अंगावर काटा येतो.

सर: मलाही येतो. म्हणूनच मी म्हणतो, त्या शोधाला पुढं न्या. त्याची नक्कल करत राहू नका. विकर कोणतं, ते वेगळं काढा. शास्त्रींच्या गटानं तेही करायचा प्रयत्न केला होता, क्षपण करणाऱ्या विकरावर बोट ठेवलं होतं. आपली मुलं तिथून पुढं जात नाहीत, मागं येतात. चांदीचंच घ्या. पानाच्या काढ्यात क्लोराइड असतं. त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की पहिल्यांदा काय होणार? अकरावीतला पोरगाही सांगेल: सिल्व्हर क्लोराइडचा साका. उजेडात तो काळवंडतो. पोरं म्हणतात, रंग बदलला, नॅनोकण झाले. एक्स-रे विवर्तनाच्या आलेखात चांदीच्या शिखरांशेजारी सिल्व्हर क्लोराइडची शिखरं सरळ उभी असतात, आणि निबंधात त्यांच्याबद्दल एक ओळही नसते.

मॅडम: हे खरं आहे. माझ्या मुलांना मी आधी काढ्यातलं क्लोराइड तपासायला लावते.

सर: तुम्ही लावता. सगळे लावत नाहीत.

एव्हाना चहा आला होता. मी माझं म्हणणं पुढं केलं. नॅनोकण करायला रसायनच कशाला? बॉल मिलमध्ये दळून होतात, बाष्प थंड करून होतात, पाण्यात बुडवलेल्या सोन्याच्या पत्र्यावर लेझर मारूनही होतात. ग्राफीन तर 2004 मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीनं सोलून काढलं आणि 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वरून खाली येणाऱ्या या पद्धतींत कसला काढा नाही आणि कसलं सायट्रेट नाही. सरांनी सोनं दळून दाखवा म्हटलं, कारण मऊ धातू मिलमध्ये फुटत नाही, पत्र्यासारखा पसरतो आणि पुन्हा चिकटतो. तो फोडायला स्टिअरिक आम्लासारखं काही घालावं लागतं आणि मिलच्या गोळ्यांचं लोखंड त्यात उतरतं ते वेगळंच. मॅडमनी लेझरचं वीजबिल विचारलं. सिरॅमिक आणि मिश्रधातूंच्या कामात मिलचं महत्त्व फार मोठं आहे आणि लेझरचे कण कसल्याही कवचाशिवाय मिळतात, हे दोघांनीही मान्य केलं. पण आमच्या कॉलेजच्या बाकावर तो मुद्दा फार टिकला नाही.

मॅडम: मला सांगा सर, एकसारखे कण, एकसारखे कण, हे तुम्ही सारखं म्हणता. ते होतात तरी कशामुळे?

सर: तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या, तुम्हाला पटकन कळेल. सगळ्या रानाला एकाच वाफशावर पेरणी साधली, सगळं बी एकाच वेळी उगवलं, तर पीक एका उंचीचं येतं. पेरणी पंधरा दिवस लांबत गेली तर काही रोपं गुडघ्याला आणि काही नुकती दोन पानांवर. कणांचं तसंच आहे. द्रावणात धातूचे मोकळे अणू वाढत जातात. एका मर्यादेपलीकडे गेले की अचानक असंख्य बीजकेंद्रं एकदम तयार होतात. त्यानं अणूंची गर्दी त्या मर्यादेखाली येते आणि नवी केंद्रं होणं थांबतं. त्यानंतर आहेत तीच वाढतात. 1950 मध्ये लामेर आणि डिनेगर यांनी गंधकाच्या कणांवर हे मांडलं. सगळी युक्ती एवढीच: जन्म एकदम व्हावा आणि वाढ त्यानंतर व्हावी. जन्म आणि वाढ एकमेकांत मिसळली की लहानमोठे कण. म्हणून मी म्हणालो, एकदम ओता.

मॅडम: आणि हळू काढ्यात जन्म लांबत जातो, असं तुमचं म्हणणं.

सर: बहुतेक वेळा. 1993 मध्ये मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी या तत्त्वाला कळसाला नेलं. सुमारे 300 अंशांच्या गरम द्रवात कॅडमियम आणि सेलेनियमची द्रावणं सुईनं एकदम सोडली, आणि मग कण आकारानुसार निवडून घेतले. व्यासातला फरक पाच टक्क्यांच्या आत आला. कण किती मोठा यावर त्याचा रंग ठरतो, हे मग कुणालाही डोळ्यांनी दिसलं. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना या क्वांटम डॉट्ससाठीच मिळालं.

मॅडम: आणि त्यात वापरलं काय? डायमिथाइल कॅडमियम! हवेशी गाठ पडली की पेट घेतं, श्वासात गेलं तर विष. हा तुमचा कळस?

सर: तो 1993 चा. 2001 मध्ये पेंग यांनी त्याच्या जागी साधं कॅडमियम ऑक्साइड वापरून दाखवलं. पुढं युरोपनं उपकरणांत कॅडमियमवर 0.01 टक्क्याची मर्यादा घातली आणि टीव्हीसाठी इंडियम फॉस्फाइडचे डॉट्स आले. विषारी वाट बंद करायची तर आधी कोणती पायरी कशासाठी आहे हे माहीत पाहिजे. ती माहिती होती, म्हणून ती पायरी बदलता आली.

मॅडम: बरोबर. पण ती बदलायची गरज आहे हे कुणीतरी ओरडून सांगावं लागलं ना? पानं आणि बुरशा घेऊन बसलेल्यांनी तेच केलं. आणि सर, मला एक सांगा. ज्या कॉलेजात फ्यूम हूड नाही, बंदिस्त ग्लोव्ह बॉक्स नाही, तिथल्या मुलीनं नॅनोकण कधी हातानं करायचेच नाहीत का? काढा करायला तिला फक्त पाणी आणि गॅस लागतो. संध्याकाळी घरी जाताना तिच्या फुप्फुसात काही जात नाही. हा छोटा मुद्दा नाही.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. माझ्या मते या वादातला मॅडमचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि तो निबंधांच्या प्रस्तावनेत 'पर्यावरणस्नेही' या एका शब्दात गुंडाळला जातो याचं मला वाईट वाटतं. काम करणाऱ्याच्या शरीराला कमी धोका, हे मूल्य स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं. पण त्याच शब्दात दुसरं काही लपतं, आणि ते सरांनी नेमकं पकडलं.

सर: मुलीच्या फुप्फुसाबद्दल मी तुमच्याबरोबर आहे. पण 'हरित' म्हणताना सगळा हिशेब मांडा. सोन्याचा क्षार दोघांच्याही भांड्यात तोच. तो करताना सोनं आम्लराजातच विरघळवलेलं असतं, आणि त्याआधी खाणीत बहुतेक ठिकाणी सायनाइडनं काढलेलं असतं. पान वापरल्यानं त्यातलं काही कमी होत नाही. उलट काढ्यातल्या कणांवर नको ते चिकटलेलं असतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा सेंट्रिफ्यूज करायचे, धुवायचे. धुतलेलं पाणी कुठं जातं? आणि एकदा खेप फसली तर त्या सोन्याचं काय? खेप फसणं हीच सगळ्यात मोठी नासाडी.

मॅडम: म्हणजे तुमच्या दृष्टीनं हरित म्हणजे पुन्हा तेच मिळणं.

सर: त्याचा मोठा भाग तोच. गडचिरोलीत आशाताई तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतात आणि मलेरियाच्या पट्टीवर टाकतात. अशा बहुतेक पट्ट्यांवरची तांबडी रेघ म्हणजे सोन्याचे नॅनोकण. गर्भचाचणीच्या पट्टीतही बहुतेकदा तेच. त्या कणांवर प्रतिपिंडं बसवलेली असतात. कण एका मापाचे नसतील तर प्रतिपिंडं कमीजास्त बसतात, कण गोळा होतात, रेघ फिकट येते. फिकट रेघ आली आणि पोराला घरी पाठवलं तर? त्या पट्टीत मी गवती चहाचे कण घालणार नाही. आज तरी नाही.

मॅडम: मी पण नाही घालणार. पण पाण्याच्या गाळणीत घालीन. 2009 मध्ये 'टाटा स्वच्छ' आलं, त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. तिथं कण 12 नॅनोमीटरचा की 20 चा यापेक्षा चांदी किती, ती पाण्यात किती उतरते आणि जंतू मरतात की नाही, हे महत्त्वाचं. प्रत्येक कामाला नोबेलवाला सारखेपणा लागत नाही. काम बघून पद्धत ठरवा, एवढंच माझं म्हणणं.

हे ऐकून मला बरं वाटलं. आजवर दोघंही पद्धतींची तुलना हवेत करत आले होते. मलेरियाची पट्टी आणि पाण्याची गाळणी समोर ठेवल्यावर प्रश्नच बदलला.

मग विषय मोजमापाकडे वळला आणि मॅडमनी एक जुनी गोष्ट काढली.

मॅडम: आपल्या रसशास्त्रात भस्म झालं की नाही ते ओळखायच्या कसोट्या आहेत. बोटांच्या रेघांत शिरलं पाहिजे, ते रेखापूर्ण. शांत पाण्यावर तरंगलं पाहिजे, ते वारितर. चमक गेली पाहिजे, ते निश्चंद्र. कण बारीक झाले का, हे विचारायची रीत होती आपल्याकडे.

सर: होती, आणि चांगली होती. पुन्हा पुन्हा पुटं देऊन, घोटून, कसोटी लागेपर्यंत थांबायचं नाही, ही शिस्त मला हवी आहे. पण बोटाच्या रेघेला 50 नॅनोमीटर आणि 5000 नॅनोमीटर यांतला फरक कळत नाही. आपली मुलं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा एक सुंदर फोटो लावतात. त्यात दीडशे-दोनशे कण. भांड्यात 60 लाख कोटी. तो कोपरा निवडला कुणी?

मॅडम: म्हणून वर्णपट पण घ्यायचा, त्यात सगळं भांडं बोलतं.

सर: बरोबर. आणि उंचवटा रुंद असेल तर ते लपवायचं नाही.

शेवटी त्या विद्यार्थिनीला बोलावलं. अर्ज तोच राहिला, काम मात्र पार बदललं. गवती चहा एकाच बेटातला घ्यायचा आणि कापल्याची तारीख लिहायची. पानं वाळवून, वजन करून, ठरावीक वेळ उकळायची. काढ्याचा पीएच मोजायचा आणि क्लोराइड तपासायचं. मग काढा डायलिसिसच्या नळीत भरून लहान रेणू आणि मोठे रेणू वेगळे करायचे, आणि सोन्याच्या क्षाराशी तीन वेगवेगळी भांडी लावायची: एकात पूर्ण काढा, एकात नुसते लहान रेणू, एकात नुसते मोठे. चौथ्या भांड्यात नुसतं ग्लुकोज, म्हणजे शर्करा एकटी काय करू शकते ते दिसेल. त्रिकोण कोणत्या भांड्यात येतात ते पाहायचं. पुढच्या ऋतूत त्याच बेटाची पानं घेऊन सगळं पुन्हा करायचं. जोडीला सरांचं सायट्रेटचं भांडं, तुलनेला.

सरांना हे पसंत पडलं. अर्जावर सही करताना ते म्हणाले, माझ्या भांड्यात काही बघायचं नाही, ते ठरलेलं आहे, सत्तर वर्षांची कृती आहे.

मॅडम: ठरलेली कशी? 2011 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ओतायचा क्रम उलटा केला, गरम सायट्रेटमध्ये सोन्याचा क्षार घातला, आणि 10 नॅनोमीटरच्या खालचे एकसारखे कण मिळवले. साठ वर्षं सगळे सोन्यात सायट्रेट ओतत होते. तेव्हा तुमच्या भांड्याचाही पीएच मोजायचा, क्रम लिहायचा, आणि सायट्रेटच्या बाटलीवरचा बॅच नंबरसुद्धा वहीत उतरवायचा. पुढच्या ऋतूत तुमचीही खेप पुन्हा लावायची, त्याच दिवशी, आमच्या शेजारच्या बाकावर.

सर: मान्य. पण आम्लराजानं भांडी मी धुणार. पोरीला त्याच्याजवळ जाऊ द्यायचं नाही.